नाटककाराच्या घरी काय सांगितलं असेल?

फेब्रुवारीत अबूधाबीत दाट धुकं पडतं. अल रीम आयलंडवर आमचं घर तेविसाव्या मजल्यावर आहे. धुक्याच्या सकाळी खालचा रस्ता, खाडी, समोरच्या इमारतीचे निम्मे मजले, सगळं पुसून जातं. लोक बाल्कनीत येऊन फोटो काढतात. मला मात्र धुकं दिसलं की आधी परीक्षेचं वेळापत्रक आठवतं. आखाती देशात येऊन सतरा वर्षं झाली, पण इथले ऋतू मी अजून मुलांच्या परीक्षांवरूनच ओळखते.

आज माझ्या मुलीचा, रेवाचा, बारावीचा पहिला पेपर आहे. इंग्रजीचा. ती पुण्यात आजीकडे आहे आणि मी इथं. आतल्या खोलीत तिचे बाबा, शिरीष, झोपलेत. मागच्या मंगळवारी ऑफिसात दुपारच्या मीटिंगमध्ये त्यांच्या छातीत दुखलं. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये स्टेंट घातला आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. शुद्धीवर आल्यावर माणूस पहिलं वाक्य काय बोलला? "रेवाला कळवू नकोस. परीक्षा होऊ दे."

मी मान हलवली. ऑपरेशन झालेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

आठ वाजता रेवाचा फोन येईल. तिकडे साडेनऊ झालेले असतील, ती निघायच्या तयारीत असेल. आत्ता सव्वासात वाजलेत. चहा दोनदा केला आणि दोनदा ओतून दिला. मघाशी कचरा टाकायला बाहेर गेले तर लिफ्टपाशी एक बाई उभी होती. तिच्या मुलाच्या हातात पारदर्शक पाउच, त्यात पेनं आणि हॉल तिकीट, आणि बाई त्याच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होती. मुलगा लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होता. त्या बाईचा चेहरा मी ओळखते. दोन वर्षांपूर्वी तो माझा होता.

*

तेव्हा आम्ही दुबईत राहायचो, सिलिकॉन ओएसिसमध्ये. शिरीषचं ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर. रेवाची शाळा ऊद मेथाला, आणि त्याच भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात माझी नोकरी. रोज सकाळी मी तिला शाळेत सोडून पुढं कामावर जायची. रेवा दहावीत होती. त्या वर्षी इंग्रजीच्या तोंडी परीक्षेसाठी त्यांच्या मिसनी चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीत एका लेखकाचं नाव, आणि त्याच्या 'लाइफ अँड करिअर'वर पाच मिनिटं बोलायचं. शाळा रेकॉर्डिंग करून ठेवणार होती.

रेवाच्या चिठ्ठीत निघाला तो इंग्रज नाटककार. नाव लिहायची गरज नाही. जगात कुठंही इंग्रजीच्या पुस्तकात जो टकलू, अणकुचीदार दाढीचा माणूस आपल्याकडे शांतपणे बघत असतो, तोच. मी सांगलीच्या कॉलेजात त्याची दोन नाटकं गाइड वाचून पास झाले होते. शिरीष त्याला 'साहेब' म्हणायला लागले. आज साहेबांनी काय केलं? साहेब लंडनला पोचले का?

साहेबांचं आयुष्य रेवानं छोट्या कार्डांवर लिहून ती एका रिंगमध्ये ओवली होती. गाडीत बसलं की रिंग बाहेर यायची. छोट्या गावात जन्म. वडील हातमोजे शिवायचे. अठराव्या वर्षी लग्न, बायको वयानं मोठी. मग एक मुलगी, मग जुळी, एक मुलगा एक मुलगी. आणि मग एके दिवशी साहेब घर सोडून लंडनला.

सकाळच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत बसलेल्या असायचो. खिडकीबाहेर दुधासारखं धुकं. मी परीक्षक.

"व्हाय डिड ही लीव्ह?" मी विचारायची.

"नोबडी नोज, आई. देअर इज नो रेकॉर्ड."

"नोकरीसाठी गेला असेल. गावात काय ठेवलं होतं? आपण नाही का आलो इकडं?"

"वी केम टुगेदर," रेवा म्हणाली आणि तिनं पुढचं कार्ड उलटलं.

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. कारण त्याच्या आदल्याच शुक्रवारी सुपरमार्केटमधून परत आल्यावर शिरीषनी मला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये थांबवलं होतं. रेवा दुधाचे कॅन घेऊन पुढं लिफ्टपर्यंत गेली होती. डिकीचं झाकण वर धरून, कांद्याच्या पिशवीकडे बघत शिरीष म्हणाले, "ऑफिस बंद होतंय. खलास. मार्चअखेर शेवटचा दिवस."

इथं नोकरी गेली की फक्त पगार जात नाही. व्हिसा नोकरीवर, बायकोमुलांचा व्हिसा नवऱ्यावर. तो रद्द झाला की ठरावीक दिवसांत देश सोडायचा. अबूधाबीतल्या एका कंपनीत शिरीषचं बोलणं चाललं होतं. तिथला माणूस प्रत्येक फोनला 'इन्शाल्ला' म्हणायचा. त्याचा अर्थ हो, नाही आणि पुन्हा फोन करू नका यातला कुठलाही असू शकतो. नोकरी मिळालीच तरी नवी कंपनी मुलीच्या शाळेची फी देणार नव्हती. म्हणून शिरीषनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ते अबूधाबीत तीन-चार जणांबरोबर खोली घेऊन राहतील. आम्ही दोघी पुण्याला, सासूबाईंकडे.

हे सगळं ठरायला किती वेळ लागला? डिकीतल्या पिशव्या ट्रॉलीत भरेपर्यंतचा. मी 'बरं' म्हणाले. आणि मग आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "रेवाला आत्ता सांगायला नको. परीक्षा होऊ दे."

*

हे वाक्य आमच्या रक्तातच आहे. मी दहावीत असताना माझा काका दवाखान्यात होता. मला सांगितलं होतं, साधा ताप आहे. भूगोलाचा शेवटचा पेपर चांगला गेला म्हणून मी मैत्रिणीबरोबर बर्फाचा गोळा खात खात घरी आले. दारात चपलांचा ढीग होता. काका तीन दिवसांपूर्वीच गेला होता. तीन दिवस घरातल्या बायका मला दूध नेऊन देत होत्या, डोकं दुखतंय म्हणून डोळे लाल आहेत असं सांगत होत्या, आणि मी खाली मान घालून नकाशात नद्या भरत होते. माझ्या जिभेवर गोळ्याचा लाल रंग होता. काकू माझ्याकडे बघून हुंदका देऊन रडली. मी ते कधीच विसरले नाही आणि कुणाला माफही केलं नाही.

आणि तरी पार्किंगमध्ये माझ्याच तोंडून तेच वाक्य निघालं.

लपवायची आमची पद्धत मात्र खास इथली होती. इथं वाढलेल्या मुलांना मराठी येत नाही, असा आम्हा आईबापांचा ठाम समज असतो. आपण मराठीत बोलायचं, त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे इतकं अंगवळणी पडतं की 'जेवायला ये' आणि 'पसारा आवर' यापलीकडचं मराठी त्यांच्या डोक्यावरून जातं असं आपण धरून चालतो. मग घरातली सगळी गुपितं आपण मुलांच्या समोर, जेवणाच्या टेबलावर, मराठीत बोलतो. शेजारची मल्याळी जोडपी मल्याळममध्ये करतात, आम्ही मराठीत. फक्त शब्द जरा जड वापरायचे. 'नोकरी' म्हटलं तर तिला कळेल, 'सेवा' म्हटलं तर नाही कळणार.

त्या पाच आठवड्यांत मी आणि शिरीष वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखे बोलत होतो. "सेवासमाप्तीचं पत्र प्राप्त झालं का?" "मुदतवाढीची शक्यता धूसर आहे." "विभक्त वास्तव्य अटळ दिसतं." समोर रेवा वरणभात कालवत असायची. शिरीषला तर त्यात मजाच यायला लागली होती. एकदा त्यांनी 'तात्पुरती निवासव्यवस्था' हा शब्द उच्चारला आणि आम्ही दोघं हसायला लागलो. रेवानं वर बघितलं. "व्हॉट्स फनी?" तिनं विचारलं. "काही नाही गं, ऑफिसचं," मी म्हणाले.

हसण्याच्या खाली भीती होती. मी सांगते, इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. घरातल्या प्रत्येक वस्तूकडे बघताना हे न्यायचं का विकायचं, हाच हिशेब. शिरीष ऑफिसातलं सामान थोडं थोडं घरी आणत होते, पण वर नाही, गाडीच्या डिकीतच. कॉफीचा मग, कॅलेंडर, टेबलावरचं मनीप्लांट. त्या मनीप्लांटला मी बेसमेंटमध्ये जाऊन पाणी घालायची. रोज सकाळी ते नवा शर्ट घालून दहा मिनिटं चालत त्या रिकाम्या होत चाललेल्या ऑफिसात जायचे, आणि परत आले की दाराशी एक क्षण थांबून चेहरा नीट करायचे. हे मला दाराच्या भोकातून दिसायचं.

आणि रेवा? ती इतकी शहाणी झाली होती की मला अभिमान वाटायचा. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायची. वर्गाच्या फेअरवेलला नवा ड्रेस नको म्हणाली. मैत्रिणी परीक्षेनंतर जॉर्जियाला जाणार होत्या, तिनं परस्पर नाही सांगून टाकलं. मी शिरीषला म्हणाले, "बघा, किती समज आलीय पोरीला." शिरीष म्हणाले, "तुझ्यावर गेलीय." दोघंही खूश.

*

साहेबांचं पुढं काय झालं, ते मला रोज सकाळी कळत होतं. घर सोडल्यावरची बरीच वर्षं त्यांचा काही ठावठिकाणाच नाही. मग एकदम लंडनच्या रंगभूमीवर, नट म्हणून, लेखक म्हणून. लोक जळायला लागले, एवढं नाव झालं. प्लेग आला, नाट्यगृहं बंद पडली, तेव्हा साहेब कविता लिहीत बसले. तिकडे गावी त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा वारला.

"तेव्हा तो घरी होता का?" मी विचारलं.

"दे डोन्ट नो इफ ही रीच्ड."

त्या सकाळी मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि पाच मिनिटं तशीच बसून राहिले. पुण्यात रेवाला ताप आला तर शिरीष किती वाजताच्या विमानानं येतील, याचं गणित मी मनात मांडत होते. रजा मिळेल का, तिकीट मिळेल का. चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून दोन-तीन दिवस लागत असतील. आता तीन तास लागतात. पण त्या तीन तासांच्या आधी एका मॅनेजरची सही लागते.

मला साहेबांचा राग यायला लागला होता. असा राग एखाद्या नातेवाइकाचा येतो. बायको तिकडे तीन पोरं घेऊन सासरी, आणि हे इकडे टाळ्या घेतायत. मी एकदा रेवाला म्हणालेही, "त्या बाईबद्दल एक कार्ड लिही की. तिचं काय?"

"देअर्स नथिंग टु राइट, आई. शी जस्ट स्टेड."

*

तोंडी परीक्षा झाली त्याच्या पुढच्या शनिवारी शाळेत पालकसभा होती. इंग्रजीच्या मिस मला म्हणाल्या, "मॅम, दोन मिनट रुकिए. आय वाँट यू टु सी समथिंग." रेवाला त्यांनी बाहेर बाकावर बसायला सांगितलं. वर्गाचं दार लोटलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. दाराच्या काचेतून रांगेतले पालक घड्याळ बघताना दिसत होते.

पडद्यावर रेवा. युनिफॉर्म, घट्ट वेणी, हातात कार्डांची रिंग. पहिली तीन मिनिटं सगळं पाठ केल्याप्रमाणं. गाव, हातमोजे, लग्न, मुलं. मग तिनं रिंग टेबलावर ठेवली. माझ्या मनात आलं, विसरली. आता अडकणार. ती इंग्रजीत बोलत होती, मी इथं मराठीत लिहिते.

"मग तो गेला," ती म्हणाली. "पुढची बरीच वर्षं त्याचा काही पुरावा नाही. अभ्यासकांना प्रश्न पडतो, त्या वर्षांत तो काय करत होता. मला प्रश्न पडतो, त्या वर्षांत त्याच्या घरी काय सांगितलं असेल. त्याला दोन मुली होत्या. मला वाटतं, त्यांना म्हणाले असतील, काही नाही, सगळं ठीक आहे. मोठी माणसं मोठमोठे शब्द वापरून बोलली असतील, म्हणजे मुलींना कळणार नाही. पण मोठ्या मुलीला कळलं असेल. तिनं ते शब्द लक्षात ठेवून कुणाला तरी त्यांचे अर्थ विचारले असतील. आणि मला कळलंय हे तिनं घरी सांगितलं नसेल, कारण ते लोक लपवायला इतकी मेहनत घेत होते."

तिनं एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"सगळे म्हणतात तो यशस्वी झाला. त्यानं गावात मोठं घर घेतलं, शेवटी परतही आला. ते खरं आहे. पण आपण जाऊ का, असं त्यानं घरात कुणाला विचारलं होतं का, ते कुठंही लिहिलेलं नाही. थँक यू."

मिसनी लॅपटॉप मिटला. "व्हेरी ओरिजिनल. मैंने फुल मार्क्स दिये हैं. बट मॅम, इज एव्हरीथिंग ओके अॅट होम?"

आणि मी काय म्हणाले असेन? "येस येस, ऑल गुड," मी म्हणाले, आणि हसले. शाळेच्या वर्गात, एका चांगल्या बाईसमोर, मी तेव्हाही नाटकच केलं. त्याची मला आजही लाज वाटते.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवलीच नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिनं कशाबद्दल असं विचारलं नाही. "द डे आफ्टर यू स्टेड बॅक इन द पार्किंग. यू वर टॉकिंग अॅट ब्रेकफास्ट."

"तुला कळतं सगळं?"

"आई, मला नीट बोलता येत नाही. कळत नाही असं कोण म्हणालं?" हे ती मराठीत म्हणाली, हळूहळू, एकेक शब्द जोखत. मग तिनं दप्तरातून भूगोलाची वही काढून शेवटचं पान उघडलं. तिरक्या, लहान मुलासारख्या देवनागरीत एकाखाली एक शब्द. सेवासमाप्ती. मुदतवाढ. विभक्त. प्रत्येकापुढं इंग्रजीत अर्थ.

"अर्थ कुणी सांगितले?"

"आजीनं. संडेच्या कॉलवर. आय टोल्ड हर इट्स अ प्रोजेक्ट."

आणि सासूबाई पुण्यात सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या की नातीला मराठीची गोडी लागलीय! मला हसू आलं आणि त्या हसण्यातच मी रडायला लागले. पाच आठवडे ही पोर आमच्यासमोर वरणभात कालवत बसली होती आणि सगळं ऐकत होती. दिवे बंद करत होती. पाच आठवडे ती एकटी घाबरत होती, आणि मी तिला सनावळ्या विचारत होते. माझ्या काकाच्या वेळी निदान मला माहीत तरी नव्हतं.

*

पुढच्या शुक्रवारी दुपारी शिरीष लवकर घरी आले. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. खिडक्या उघड्या होत्या, खालच्या मशिदीतून नमाज संपवून माणसं बाहेर पडत होती. शिरीषनी सगळं सांगितलं, साध्या शब्दांत. अबूधाबीच्या नोकरीचं नक्की झालं होतं. मग ते म्हणाले, "तर असं आहे. तुला काय वाटतं, रेवा?"

ते रीत म्हणून विचारत होते. उत्तर ठरलेलंच होतं, डिकीशी ठरलेलं.

रेवा म्हणाली, "आई, बाबांनी तुला विचारलं होतं? यू वाँट टु गो ऑर नॉट?"

मी शिरीषकडे बघितलं. शिरीषनी माझ्याकडे. मला आठवलं, पार्किंगमध्ये ते म्हणाले होते, 'तुम्ही दोघी पुण्याला जाल.' त्यात प्रश्न नव्हता, आणि मी प्रश्न यायच्या आधीच 'बरं' म्हणून मोकळी झाले होते. माझी नोकरी, माझा दवाखाना, मला हौसेनं जमलेलं ते काम, यातलं काहीही मध्ये आलं नव्हतं. मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"मला नाही जायचं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मग मी जाते," रेवा म्हणाली. "आजीकडे. अकरावी-बारावी तिथं करते. तुम्ही दोघं अबूधाबीत लहान घर घ्या. बाबा एकटे राहिले तर नुसत्या मॅगीवर राहतील."

मी ताडकन उठले. "काहीतरी बोलू नकोस. सोळा वर्षांची पोर एकटी राहणार? मुळीच नाही."

"यू आस्क्ड मी."

"विचारलं म्हणजे तू म्हणशील तसं होईल असं नाही."

"देन डोन्ट आस्क."

त्या दुपारी आमच्या घरात जे भांडण झालं तसं आधी कधी झालं नव्हतं, पुढंही नाही. मी तिला आगाऊ म्हणाले. ती मला भित्री म्हणाली. शिरीष मध्ये पडले तर दोघींनी त्यांना गप्प केलं. मला तिचा राग येत होता कारण तिचं बरोबर होतं. आणि त्याहून खरं कारण सांगायचं तर, मला ती हवी होती. मला वाटलं होतं, विचारलं की ती म्हणेल, मला तुमच्याजवळ राहायचंय. मग आम्ही तिच्यासाठी काहीही केलं असतं. पण तिनं आम्हाला एकत्र ठेवलं आणि स्वतः बाहेर पडली. मुलांना एकदा विचारलं की त्यांचं उत्तर ऐकून घ्यावं लागतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी दहावीचे सगळे पेपर संपेपर्यंत भांडले. जूनमध्ये विमानतळावर ती सुरक्षा तपासणीच्या रांगेत गेली, मागं वळून हात केला आणि आत गेली. मी आणि शिरीष गाडीत बसलो आणि अबूधाबीतल्या नव्या घराकडे निघालो. त्या प्रवासात पहिल्यांदा मला साहेबांच्या आईची आठवण झाली. घर सोडणाऱ्या माणसाला आईही असते. तिच्यावर तर आम्ही कार्डच केलं नव्हतं.

*

आठ वाजले. फोन वाजला.

रेवाचा चेहरा, मागं सासूबाईंचं स्वयंपाकघर. कानामागे पेन. आता ती माझ्याशी सरळ मराठीत बोलते, पुण्यातल्या मुली बोलतात तसं भरभर.

"झालं का खाऊन? हॉल तिकीट घेतलंस?" मी सुरू केलं. "पाण्याची बाटली? आणि निबंध शेवटाला ठेवू नकोस..."

"आई, बाबा कुठं आहेत?"

"झोपलेत. काल उशीर झाला ऑफिसात."

"रविवारीही झोपले होते. कॉलवर आले नाहीत. परवाही नव्हते." तिनं फोन चेहऱ्याजवळ घेतला. "आई, बाबांना काही झालंय का?"

जिभेवर वाक्य तयार होतं. तिच्या हातात पाउच होतं, रिक्षा खाली आली असेल, दीड तासात पेपर सुरू होणार होता. कुणीही शहाण्या बाईनं म्हटलं असतं, काही नाही गं, तू जा, पेपर नीट लिही. माझ्या आईनं म्हटलं असतं, काकूनं म्हटलं असतं. दारातल्या चपलांपर्यंत मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "मंगळवारी छातीत दुखलं. स्टेंट घातलाय. आता बरे आहेत. गुरुवारी घरी आणलं."

तिच्या डोळ्यांत पाणी भरत गेलेलं मला दिसत होतं, आणि मी फोन खाली ठेवला नाही, नजर वळवली नाही.

"एकच स्टेंट?"

"एकच."

"खरं?"

"खरं."

तिनं बाहीनं नाक पुसलं. "मी तीन दिवस तेवढाच विचार करत होते. काय झालंय, किती वाईट आहे. तुम्ही सांगितलं नसतंत तर पेपरमध्येही तेच करत बसले असते." मग म्हणाली, "त्यांना उठवू नकोस. मी पेपर देऊन येते, मग बोलते. आई, तू जेवतेस ना?"

"नाही," मी म्हणाले. "नीट नाही. घाबरले होते मी."

"जेव," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी वर बघितलं तर शिरीष आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभे होते. दोन दिवसांची दाढी, सुरकुतलेला सदरा, हॉस्पिटलचा पट्टा अजून मनगटावर. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"तू सांगितलंस तिला? आज? पेपरच्या दिवशी?"

"तिनं विचारलं," मी म्हणाले.